तिसऱ्या टप्प्यावरचं बाकडं

डबलबेलला राग कधी येतो, असं विचारण्यात अर्थ नाही. राग तिच्याकडे कायमचा वस्तीला आहे. सकाळी उठून तो कुणावर काढायचा एवढंच तिला ठरवावं लागतं, आणि अलीकडे तेही लागत नाही, कारण कुणीतरी आपण होऊन समोर येतं. मुलाच्या नव्या घरात पहिला नंबर नळाचा असतो. त्याला फिरवायला काही नाही, त्याच्यापुढे हात पसरून उभं राहायचं आणि तो कधी प्रसन्न होतो याची वाट बघायची. दुसरा नंबर लिफ्टचा. ती दार बंद करताना कुणा अनोळखी बाईच्या गोड आवाजात सूचना देते, आणि सूचना देणारं माणूस दिसत नसेल तर डबलबेलला ते आवडत नाही. तिसरा नंबर सुनेच्या मनगटावरच्या घड्याळाचा. ते घड्याळ पावलं मोजतं. "आई, तुम्ही पण रोज पाच हजार पावलं चाललंच पाहिजे," असं सून प्रेमाने सांगते, आणि स्वतः दोन मजल्यांसाठी लिफ्ट बोलावते.

नाव तिला डेपोतल्या मंडळींनी दिलं होतं. अठ्ठावीस वर्षं ती बसमध्ये कंडक्टर होती. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आणि हिची दुसरी घंटी नेहमी ड्रायव्हर नीट बसायच्या आत वाजायची. घरीसुद्धा कुणी बोलण्यात फाटे फोडायला लागलं की ती टेबलावर बोटाने टकटक करायची. दोनदा. म्हणजे पुढे चला. नवऱ्याने तिच्याशी सगळा संसार या दोन टिचक्यांवर केला.

तिचा एक नेम होता. कंडक्टरला बसायला जागा असते, पण बसमध्ये एक जरी म्हातारं माणूस उभं असेल तर ही त्या जागेवर टेकत नसे. उलट राखीव जागेवर झोपेचं सोंग घेतलेल्या भल्याभल्यांना तिने दंडाला धरून उठवलं होतं. "उठा. झोप घरी जाऊन पूर्ण करा," असं म्हणायची, आणि भरलेली बस हसायची. या नेमाचं बक्षीस म्हणून आता तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आहेत आणि उजवा गुडघा दोनशे पावलांनंतर बंड करतो. अडीचशे पावलं झाली की तो अक्षरशः वळायचंच नाकारतो. मग पाच मिनिटं बसलं की पुन्हा माणसात येतो. डॉक्टरांना ती हे सांगायला गेली तेव्हा ते संगणकाकडे बघत म्हणाले, वय झालं. एवढं तिला तिकीट न काढताही कळलं असतं.

निवृत्त झाली तेव्हा डेपोने तिला ना शाल दिली ना घड्याळ. घडीची लोखंडी खुर्ची दिली, वजनाला हलकी, आणि तिच्या पाठीवर निळ्या ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, "आता बसा." खाली बारीक अक्षरांत, "सर्व मंडळी, डेपो." त्या दिवशी ती सगळ्यांदेखत रडली होती आणि रडवलं म्हणून सगळ्यांवर चिडली होती.

आता खरं सांगायचं तर तिच्या दिवसाला एकच काम होतं, आणि ते चार वाजताचं. नवरा शुश्रूषा केंद्रात होता. दीड वर्षापूर्वी त्याचं उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. ऐकणं त्याच्या आधीच गेलं होतं. तो छापखान्यात मशीनमन होता, चाळीस वर्षं रात्रपाळीला त्या धडधडीत उभा राहिला, आणि निवृत्तीला येईपर्यंत त्याच्या कानाशी ढोल वाजवला तरी तो मान वळवत नसे. आता तो कुणाच्याच हातून जेवत नव्हता. मावशी आल्या, सिस्टर आल्या, लाडीगोडी झाली, दटावणी झाली. ओठ घट्ट मिटलेले. डबलबेल जाऊन पलंगाच्या लोखंडी कठड्यावर चमच्याने दोनदा टकटक करायची. ते त्याला ऐकू येत नसे, पण कठड्याला टेकलेल्या हाताला हादरा कळायचा, आणि तोंड उघडायचं. मावशींनीही कठडा वाजवून पाहिला. त्याला फरक कळत होता.

जेवणाची ढकलगाडी चार वाजता यायची आणि साडेचारला ताटं गोळा करून जायची. त्यात बदल नाही, असं दारावर लिहिलेलं होतं. त्याचं वजन दर आठवड्याला उतरत चाललं होतं. सिस्टर सरळ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, अजून दोन किलो कमी झालं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि एकदा नळी लागली की या वयात ती सहसा निघत नाही. तुम्ही रोज चारला आलात तर नळी टळेल. डबलबेलने आयुष्यभर वेळापत्रक पाळलं होतं. तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशीपासून रस्ता पाठ करायला घेतला.

रस्ता तसा जवळचा. धडधाकट माणसाला आठ मिनिटं. तिने त्याचे बसच्या हिशेबाने टप्पे पाडले. पहिला टप्पा औषधांचं दुकान, तिथे गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल होतं. दुसरा टप्पा बँकेची पायरी, रुंद आणि सावलीतली. तिसरा टप्पा कोपऱ्यावरचं सिमेंटचं बाकडं. ते तिच्या जुन्या घराच्या बरोबर खाली होतं. नवऱ्याला जिना जमेना म्हणून ते घर सोडून मुलाकडे यावं लागलं होतं. बाकड्यावर बसून वर बघितलं की आपलीच खिडकी दिसायची, आता दुसऱ्याच कुणाचे पडदे लावलेली. चौथा टप्पा केंद्राचं दार. सगळे टप्पे दोनशे पावलांच्या आतले. साडेतीनला निघालं तरी चालायचं, पण ती तीनलाच निघायची, कारण वाटेत भांडणाला वेळ हाताशी असलेला बरा.

मग एकेक टप्पा जायला लागला. औषधवाल्याने दुकानाला काचा लावल्या, आत थंड हवा सोडली आणि स्टूल काढून त्या जागी चॉकलेटं ठेवली. का, तर जागा अडते. डबलबेल म्हणाली, जागा तर आजारी माणसांनीही अडते, त्यांनाही काढा. त्याला तो विनोद वाटला. बँकेने पायरीवर बोटाएवढ्या लोखंडी गोळ्या बसवल्या, म्हणजे कुणी टेकू नये. आतली माणसं काढून बाहेर यंत्र बसवलं होतं, आणि यंत्राला पायरीवर बसलेली माणसं बघवत नसावीत. तरीही ती निभावून नेत होती. औषधवाल्याच्या काचेला पाठ लावून उभी राहायची, बँकेपुढच्या झाडाच्या आळ्यावर कसंबसं टेकायची, आणि सगळी भिस्त तिसऱ्या टप्प्यावर ठेवायची. बाकडं भरवशाचं होतं. तिथे बसलं की गुडघा शांत व्हायचा आणि शेवटचा टप्पा एका दमात जायचा.

तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी ती कोपऱ्यावर पोचली आणि बाकडं नव्हतं. जमिनीतून चार गंजलेले बोल्ट वर आलेले. आणि त्याच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर, एक चकचकीत स्टीलचा तिरपा दांडा. त्यावर पाटी: "टेकून उभे राहण्याची आधुनिक सुविधा." बाजूला एक पडदाही होता, त्यावर एक तरुण जोडपं गाद्यांची जाहिरात करत अंग पसरून झोपलेलं होतं.

डबलबेल दांड्याला टेकली. दांडा तिरपा, ती घसरली. पुन्हा टेकली, पुन्हा घसरली. मग रागाने गुडघ्याचं न ऐकता चालत सुटली, आणि केंद्राच्या फाटकाशी पाय असा अडकला की चौकीदाराने धरून आणलं. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ताट गेलं होतं. नवरा दाराकडे बघत पडला होता.

त्यानंतर ती दोन दिवसांतून एकदाच वेळेवर पोचायची. वजन सहाशे ग्रॅम उतरलं.

मुलाकडे उपाय तयारच होते. पहिला उपाय, फोनवरून गाडी मागव. तिने मागवली. अंतर एवढं कमी, की चार चालकांनी कबूल होऊन ऐनवेळी नकार दिला, आणि पाचव्याने तिलाच फोन करून विचारलं की एवढंसं चालायला काय होतं. त्याला तिने जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. दुसरा उपाय त्याहून पुढचा. मुलगा म्हणाला, "आई, मावशींच्या हातात फोन देऊ. बाबांना तू स्क्रीनवर दिसशील. इथून टकटक कर ना."

तिने टेबलावर टिचकी मारली नाही. मुलाला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय आणि तो ऑफिसला निघून गेला.

घरातून केंद्रापर्यंतच्या प्रत्येक माणसावर तिने राग काढला, पण खरा राग जपून ठेवला होता एकासाठी. बाकडं आपोआप उखडत नाही. कुणीतरी तक्रार केली असणार. जुन्या इमारतीतलंच कुणीतरी, नाक उडवणारं, ज्याला खिडकीखाली बसलेलं माणूस सहन होत नाही. रोज त्या चार बोल्टांपाशी उभी राहून ती वर खिडक्यांकडे बघायची आणि त्या न दिसणाऱ्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्याचे गुडघे जावोत, म्हणायची. त्याला बसायला जागा न मिळो. त्याचं माणूस त्याची वाट बघत उपाशी राहो. हे शेवटचं म्हणताना तिचा आवाज चिरकायचा, आणि पलीकडून जाणारे लोक कानातली यंत्रं सावरत वळसा घालून जायचे.

मग तिने तिचा उपाय केला. डेपोची खुर्ची काढली, एका सकाळी सुनेच्या गाडीतून कोपऱ्यावर आणली, आणि बोल्टांच्या शेजारी दिव्याच्या खांबाला सायकलच्या साखळीने बांधून टाकली. किल्ली स्वतःच्या पिशवीत. तेरा दिवस ती चारच्या आत पोचली. वजन थांबलं. सिस्टर म्हणाल्या, असंच चालू द्या. चौदाव्या दिवशी साखळी कापलेली होती आणि खांबावर कागद चिकटवला होता, की अतिक्रमण हटवण्यात आलं आहे.

अतिक्रमण. चार फूट रुंद फळकुटांवर माल मांडणारे, फुटपाथवर गाड्या चढवणारे, ते गादीवरचं निर्लज्ज जोडपं, हे सगळे जागच्या जागी. आणि अतिक्रमण कुणाचं, तर एका खुर्चीचं.

कागदावरच्या नंबरवर तिने फोन लावला. यंत्राने सांगितलं, तक्रारीसाठी एक दाबा. तिने दाबला. यंत्राने सात पर्याय सांगितले, त्यांत खुर्ची नव्हती. तिने आठ दाबला तसं संगीत लागलं आणि संगीत संपल्यावर यंत्राने विचारलं, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल. तिने फोन सोफ्यावर आपटला आणि चपला घातल्या.

नगर कार्यालय केंद्राच्या विरुद्ध बाजूला नव्हतं, हे एक बरं. सून अकराला जाता जाता सोडून गेली. तिथे यंत्रातून नंबरची चिठ्ठी निघाली, एकशे सत्तेचाळीस. वर पडद्यावर तेव्हा बावन्न होता. दालनात चाळीस माणसं उभी. बसायला म्हणून भिंतीला तोच तो तिरपा दांडा. डबलबेल अडीच तास पायांवर पाय बदलत उभी राहिली. एक पोटुशी बाई दांड्याला टेकून घसरत होती. समोर टेबलामागे एक कारकून फोनवर काहीतरी बघत हसत होता आणि त्याच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. डबलबेलने जाऊन ती खुर्ची ओढली, पोटुशीला दिली आणि कारकुनाकडे असं बघितलं की त्याने फोन खिशात ठेवला. अठ्ठावीस वर्षांची नजर होती ती, लागू पडली नाही तरच नवल.

पावणेदोनला नंबर लागला. आत साहेब होते, तिच्या मुलापेक्षाही लहान, स्वच्छ आणि सभ्य. सभ्य माणसावर रागवायला जास्त बळ लागतं. त्यांनी उठून नमस्कार केला आणि हात पुढे करून म्हणाले, "या आजी, बसा ना."

अनोळखी माणसाने आजी म्हटलेलं तिला खपत नाही. पण ते राहून गेलं, कारण तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं. घडीची लोखंडी खुर्ची. पाठीवर निळी अक्षरं.

ती बसली. स्वतःच्या खुर्चीवर पाहुणी म्हणून बसली, पिशवी मांडीवर ठेवली आणि गुडघा सैल होईपर्यंत चोळत राहिली. खुर्चीचं नंतर बघू असं तिने ठरवलं. आधी बाकडं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. संगणकात बघितलं. म्हणाले की कोपऱ्यावरचं आसन रहिवाशांच्या लेखी तक्रारीवरून काढलेलं आहे, तेहेतीस सह्या आहेत, सगळं नियमाने झालंय. डबलबेल पुढे झुकली. याच नावासाठी ती तीन महिने राग साठवत आली होती.

"पहिली सही कुणाची?"

"तक्रारदारांची नावं सांगता येत नाहीत."

"मला त्या माणसाच्या घरी जायचंय. फक्त उभं राहून बघायचंय, तो कसा बसतो ते."

साहेब ओशाळून हसले. नाव नाही सांगता येणार, पण मजकूर वाचून दाखवतो, म्हणजे तुम्हाला पटेल की लोकांनाही त्रास होता. आणि ते वाचू लागले. सदर बाकड्यावर खाद्यपदार्थ पोचवणारे दुचाकीस्वार दिवसभर ठाण मांडून बसतात. मोठ्याने हसतात. मोबाइलवर गाणी लावतात. माझ्या पतींनी आयुष्यभर रात्रपाळी केल्याने त्यांना दुपारी झोपायची सवय असून सदर इसमांमुळे त्यांची रोज झोपमोड होते. तरी बाकडे त्वरित हटवावे, म्हणजे हे लोक आपोआप पुढे सरकतील.

"पुढे सरकतील" हे शब्द आले तेव्हा डबलबेलने हात वर करून त्यांना थांबवलं. असं कोण लिहितं? असं आयुष्यभर बसच्या दारात ओरडलेली बाईच लिहिते.

तिने न विचारता पडदा आपल्याकडे वळवला. कागदाचा फोटो होता. चार वर्षांपूर्वीची तारीख. चालत्या गाडीत उभं राहून लिहिल्यामुळे कायमची उजवीकडे कललेली अक्षरं. त्या काळात ती तक्रारी लिहायची, महिन्याला दोन-तीन. दिव्याची, भोंग्याची, पाण्याच्या टाकीची. बसमध्ये तक्रारपुस्तक असायचं आणि ते तिने कुणाला कधी नाकारलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिने ते आपलंच आपण चालू ठेवलं. इतकी लिहिली की ही एक साफ विसरून गेली. इमारतीतल्या घराघरांतून सह्या हिनेच गोळा केल्या होत्या. दुसऱ्या ओळीवर तिचं नाव होतं. पहिल्या ओळीवर नवऱ्याचं.

त्या ओळीने तिला खरं फोडलं. कारण तो सही करायला तयारच नव्हता. तिला आता सगळं लख्ख आठवलं, खिडकी, कागद, हातात धरलेला पेन. तो म्हणाला होता, "बसू दे गं त्यांना. सगळे हाकलतायत त्यांना दिवसभर. आणि माझी कसली झोपमोड? मला ते हसताना दिसतात फक्त." त्याला आवाजच येत नव्हता. दुपारी जाग आली तर तो खिडकीत उभा राहून त्यांच्याकडे बघायचा, त्याला बरं वाटायचं. आवाजाचा त्रास तिला होत होता, आणि तेवढं कारण पुरेसं वाटेना म्हणून तिने बहिऱ्या नवऱ्याची झोप कामाला लावली होती. वर त्याची सहीही हिनेच ठोकली, कारण पुरुषाचं नाव वर असलं की अर्ज लवकर हलतो. तोही चार वर्षांनी हलला. तोवर दुचाकीवाले कधीच दुसरीकडे गेले होते आणि त्या बाकड्यावर बसणारी एकच व्यक्ती उरली होती.

"ओळखीचे आहेत का कुणी?" साहेबांनी विचारलं.

"माझीच आहे ती तक्रार," डबलबेल म्हणाली.

साहेबांनी पडदा हळूच पुन्हा आपल्याकडे वळवला. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी पाणी मागवलं. ते प्यायच्या आधी तिने विचारलं की बाकडं परत कधी बसवाल. त्यावर प्रस्ताव, पाहणी, नवा आराखडा, आणि आता धोरणच असं आहे की आसनांऐवजी दांडे, अशी बरीच लांबण लागली. किती दिवस, असं तिने दोनदा विचारलं. सांगता येणार नाही, असं ते दोनदा म्हणाले. अर्ज मात्र द्या, म्हणाले.

तीन वाजायला आले होते. डबलबेल उठली, खुर्चीची घडी घातली आणि काखेत मारली.

"आजी, तो जप्त माल आहे. त्याचा पंचनामा झालाय."

तिने खुर्चीची पाठ त्यांच्याकडे केली. "वाचा."

"आता बसा," त्यांनी वाचलं.

"ते मला लिहिलंय. तुम्हाला नाही," असं म्हणून ती बाहेर पडली, आणि तिला कुणी अडवलं नाही.

कार्यालयापासून केंद्रापर्यंत जुना कोपरा धरून सहा टप्पे होतात. ती दर दीडशे पावलांवर फुटपाथच्या मधोमध खुर्ची उघडून बसली. ऊन होतं. लोक फोनमध्ये डोकं घालून यायचे, ऐन वेळी दचकायचे आणि वैतागून बाजूने जायचे. एकाने म्हटलं, आजी, रस्त्यात काय बसलाय? दुसरा कुठलाही दिवस असता तर तो माणूस त्या वाक्याला जन्मभर पस्तावला असता. आज ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तीन महिने तिने ज्याचे गुडघे जावोत म्हटलं होतं त्याचे गेलेच होते. ज्याला बसायला जागा न मिळो म्हटलं होतं, त्याला मिळत नव्हती. तिसरा शाप आठवला तशी ती उठली आणि गुडघ्याची पर्वा न करता चालायला लागली.

कोपऱ्यावर चार बोल्ट तसेच होते. रस्त्यापलीकडे बंद दुकानाच्या सावलीत पाचसहा दुचाकीवाले उभे होते, पाठीवर चौकोनी पेट्या घेऊन, पुढच्या बोलावण्याची वाट बघत. एक जण एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता. ती हालचाल डबलबेलला झोपेतही ओळखता आली असती. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसांना उठवायला निघाली होती कोण, तर ती. या विचाराने तिला स्वतःचा इतका संताप आला की ती त्या बोल्टांपाशी खुर्ची उघडायची विसरली.

केंद्रात पोचली तेव्हा साडेचारला दोन मिनिटं कमी होती. मावशी ताटं गोळा करत त्याच्या पलंगापर्यंत आलेल्या. डबलबेलने ताटावर हात ठेवला. "हे राहू दे." मावशींनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. डबलबेलने खुर्ची उघडली, पलंग आणि ढकलगाडीच्या मधोमध ठेवली आणि तीवर बसली. आता गाडीच हलणार नव्हती.

तिने कठड्यावर दोनदा टकटक केलं. तोंड उघडलं नाही. तो तिच्याकडे बघत होता. घामाने निथळलेली, केस सुटलेली, खुर्चीसकट आलेली बायको. काय झालं, असं विचारणारी त्याची नजर तिला पंचेचाळीस वर्षं माहीत होती. चमचा तिने खाली ठेवला.

"ते बाकडं मीच काढायला लावलं," ती म्हणाली.

त्याला ऐकू गेलं नाही. ती कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली. तरी नाही. तेव्हा त्याला ओठ वाचता येतील अशी ती समोर आली, बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचवायची तो आवाज काढला, आणि बारा पलंगांच्या त्या लांब खोलीत एकूण एक माणसाने ऐकलं:

"अहो, बाकडं मीच काढायला लावलं. तुमची झोपमोड होते असं लिहिलं मी. तुमची. सहीपण मीच केली तुमची."

सिस्टर दारात येऊन थांबल्या. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू आधी थरथरली. मग ओठाचा एक कोपरा वर गेला, खांदे हलायला लागले, आणि दीड वर्षात पहिल्यांदा तो हसला. आवाज नव्हता फारसा, पण तोंड सताड उघडं होतं. बहिऱ्याची झोपमोड.

"हसायला काय झालं? माझा जीव चाललाय इथे," डबलबेल म्हणाली, आणि उघड्या तोंडात चमचा घातला. तो हसत हसत गिळत होता, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने पुसलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते. मावशींनी गाडी मागे घेतली. ताट पावणेपाचला रिकामं झालं.

मग तिने पिशवीतून कागद काढला, जेवणाची फळी पुढे ओढली आणि उजवीकडे कललेल्या अक्षरांत लिहायला घेतलं. कोपऱ्यावर दोन बाकडी बसवावीत, एक म्हाताऱ्यांसाठी, एक दुचाकीवाल्यांसाठी. कारणात तिने स्वतःचा गुडघा लिहिला, बाकी काही नाही. पहिली ओळ मोकळी ठेवली, पेन त्याच्या डाव्या हातात दिला आणि या वेळी तुम्हीच करा, असं बोटाने दाखवलं.

एकेक अक्षर काढायला त्याला वेळ लागत होता. मधे एकदा पेन निसटला. डबलबेलचं बोट कठड्यावर गेलं, पण तिने टिचकी मारली नाही. खुर्चीत मागे टेकली आणि थांबून राहिली.